जाळी कुठं होती?

भोसरी एमआयडीसीतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली एक प्रेसशॉप होतं. मोटार कंपनीला सुटे भाग देणाऱ्या एका मोठ्या कारखान्याला हे शॉप ब्रॅकेट आणि वॉशर पुरवायचं. शेडमध्ये रांगेनं सात पॉवर प्रेस. सकाळी आठला मोटरी सुरू झाल्या की संध्याकाळपर्यंत पायाखालची जमीन हादरत राहायची.

या शॉपमध्ये नामदेवअण्णांना दोन गोष्टींसाठी मान होता. पहिली गोष्ट त्यांच्या तर्जनीची. तयार नगाच्या कडेवरून ते उजव्या हाताची तर्जनी हलकेच फिरवत आणि सांगत, "कडेला खरखरीत बर यायला लागलाय, पंच धारेला पाठवा." मोजायची साधनं काढून पाहिलं की त्यांचं म्हणणं खरं निघायचं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची दहाची दहा बोटं शाबूत होती. चोवीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाबद्दल हे सांगता येणं, ही त्या पट्ट्यात साधी गोष्ट नाही. शेजारच्या प्रेसवरच्या शंकरची करंगळी गेलेली होती. स्टोअरमधल्या महादूच्या डाव्या हाताला दोनच बोटं उरली होती, म्हणून तर तो स्टोअरमध्ये होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात ठेकेदाराकडून गणेश नावाचा मुलगा आला. परभणीकडचा, बारावी झालेला, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायला घराबाहेर पडलेला. सुपरवायझरनं त्याला अण्णांच्या हाताखाली दिलं. अण्णांनी पहिल्या दिवशी आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.

"मोज."

"दहा हायेत, अण्णा."

"लक्ष ठेवून काम केलं की दहाची दहाच राहतात. मन इकडंतिकडं गेलं की हात गेला. एवढं ध्यानात ठेव, बाकी काम आपोआप येतं."

गणेशनं ते ध्यानात ठेवलं. सगळं शॉपच त्या एका वाक्यावर चालत होतं. ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, खालच्या साच्यावर म्हणजे डायवर ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, पंच धरलेला रॅम खाली येऊन वर गेला की हात घालून नग काढायचा. तासाला 600 नग, म्हणजे दर सहा सेकंदांना एक. साडेसात तासांच्या पाळीत 4500 नग, आणि तेवढ्या वेळा माणसाचा हात पंचाखाली. त्यातल्या एकाही खेपेला मन हलता कामा नये, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

प्रत्येक प्रेसला कधीकाळी सळ्यांची जाळी बसवलेली होती. ती जाळी पुढं असली की नग घालायला-काढायला वेळ लागे. तासाला 600 च्या जागी 450 निघत. म्हणून कधीतरी एका घाईच्या महिनाअखेरीला जाळ्या काढल्या गेल्या आणि भंगाराच्या पिंपामागं जाऊन पडल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मालकांना डिस्पॅच हवा होता, कामगारांना जास्तीच्या नगांवरचा इन्सेन्टिव्ह. अण्णांनीही स्वतःच्या हातानं पाना घेऊन आपल्या प्रेसची जाळी उतरवली होती.

आषाढातली ती दुपार. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अण्णा रात्री नीट झोपले होते, घरी सगळं ठीक होतं, फोन लॉकरमध्ये होता. हातावर नजर रोजच्यासारखीच रोखलेली. ब्लँक ठेवला, हात काढला, पेडल दाबलं. रॅम खाली आला, वर गेला. पाय पेडलवरून उचलला आणि नग काढायला हात आत घातला.

रॅम पुन्हा खाली आला.

पेडलला कुणाचाही पाय लागलेला नव्हता. मिनिटाला 60 फेऱ्या मारणारा तो प्रेस. रॅमला वरून खाली यायला अर्धा सेकंद. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळून हात हलायला लागेपर्यंतच साधारण पाव सेकंद जातो, आणि मग हात बाहेर यायचा असतो. अण्णांचा हात निघालाही, पण पूर्ण निघाला नाही. तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं टोकाचं पेर डायमध्ये राहिलं.

गणेशनं धावत येऊन मोटर बंद केली, स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरला आणि अण्णांचा हात वर उचलून ठेवला. कुणीतरी कँटीनमधून बर्फ आणला आणि तुटलेली पेरं त्यात टाकायला निघाला. शंकर ओरडला, "थेट बर्फात नको! मांस जळतं त्यानं." त्यानं पेरं स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवली. स्वतःच्या करंगळीच्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं, ते त्याच्या मनात राहून गेलं होतं.

डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली. "आणलंत अगदी बरोबर. सुरीनं, करवतीनं सरळ कापलं गेलं असतं तर जोडायचा प्रयत्न करता आला असता. हे चिरडलंय. आतल्या बारीक रक्तवाहिन्याच राहिलेल्या नाहीत."

अण्णा रुग्णालयात असताना भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी. मेहुणे आले. म्हणाले, "दाजी, तुमच्यासारख्या माणसाचं असं कसं झालं? लक्ष कुठं होतं?" चाळीतले शेजारी आले, तेही तेच. सुपरवायझर कागद घेऊन आला. अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं : कारण – कामगाराचे दुर्लक्ष. उपाय – कामगारास सावधगिरीची समज दिली. अण्णांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. चोवीस वर्षं आपणच जे शिकवलं, त्याच्या विरुद्ध बोलायचं तरी कसं? रात्री पडल्या पडल्या ते ती दुपार पुन्हा पुन्हा आठवत आणि आपलं मन नेमकं कुठं भरकटलं होतं ते शोधत. सापडत नसे. मग ते स्वतःलाच दोष देत की एवढंही आपल्याला आठवत नाही.

भरपाईचा हिशेब ठरलेलाच होता. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 सालच्या कायद्याला जोडलेल्या यादीत बोटाबोटाचा आकडा होता : अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्क्यांनी घटली असं धरायचं, पूर्ण तर्जनी 14 टक्के, तर्जनीचं एक पेर 9, मधल्या बोटाचं एक पेर 7. नगाच्या कडेवरून फिरणाऱ्या आणि पंच बोथटला की सांगणाऱ्या बोटाचा वेगळा रकाना त्या यादीत नव्हता. घरी आल्यावर अण्णांना सदऱ्याची बटणं लावायला बायकोला हाक मारावी लागली, तेव्हा त्यांना 9 आणि 7 या आकड्यांचा अर्थ कळला.

श्रावणात ते कामावर परतले. प्रेसवर बसवता येत नव्हतं म्हणून मालकांनी त्यांना गेटवर मालाची नोंद ठेवायचं काम दिलं. तिथं भिंतीवर एक जुना, पिवळा पडलेला फलक होता. कारखाने कायद्याचा गोषवारा कामगारांना कळेल अशा भाषेत लावावा लागे, म्हणून लावलेला. त्याखालून अण्णा चोवीस वर्षं ये-जा करत होते. आता दिवसभर समोरच बसायचं म्हणून त्यांनी तो वाचायला घेतला. 1948 सालच्या त्या कायद्याचं 21 वं कलम यंत्राच्या धोकादायक भागांबद्दल होतं. अशा भागांना भक्कम कुंपण हवं, आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवरून हलता कामा नये, असा त्याचा आशय. अण्णांनी ते दोनदा वाचलं. कामगारानं लक्ष ठेवावं की नाही, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नव्हतं. जबाबदारी होती ती कुंपणाची.

त्याच संध्याकाळी गणेश त्यांच्या खोलीवर आला. खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढून त्यानं अण्णांसमोर सोडली. आत तुटलेली स्प्रिंग होती.

"फिटरनं तुमच्या प्रेसच्या क्लचचं झाकण आज उघडलं, अण्णा. खटक्याची स्प्रिंग हाय ही. त्यानं भंगारात टाकली, मी उचलली."

अण्णांना अधिक सांगावं लागलं नाही. त्या जुन्या प्रेसचा क्लच कीचा. पेडल दाबलं की खटका बाजूला होतो, की फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅम एक पूर्ण फेरी मारतो. पाय काढला की स्प्रिंग खटक्याला परत जागेवर ओढते, खटका कीला अडवतो आणि रॅम वर थांबतो. स्प्रिंगच तुटली तर खटका परत येत नाही, आणि रॅम कुणालाही न विचारता दुसरी फेरी मारतो.

त्यांनी ती स्प्रिंग दिव्याखाली धरली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तेलानं आणि गंजानं काळा पडला होता. उरलेला अर्धा चकचकीत होता. लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला ते वाचता येतं. काळा भाग जुना. म्हणजे तडा कित्येक दिवसांपासून होता, थोडा थोडा वाढत होता. त्या दुपारी उरलेली अर्धी तार तुटली. आणि हे सगळं झाकणाच्या आत चाललं होतं.

"गणेश, मी त्या दिवशी हाताकडंच बघत होतो रे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "तडा झाकणाआड होता. हजार डोळे ठेवले असते तरी दिसला नसता."

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक काही दुष्ट माणूस नव्हता. स्वतः फिटर म्हणून सुरुवात केलेला, घर गहाण टाकून दोन प्रेस घेतलेला. अण्णांना त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हाताकडं पाहून हळहळले.

"अण्णा, दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर समजलो असतो. पण तुमचं? लक्ष कुठं होतं तुमचं त्या दिवशी?"

अण्णांनी स्प्रिंग टेबलावर ठेवली.

"लक्ष तिथंच होतं, साहेब. जाळी कुठं होती?"

मालक गप्प झाले.

"साहेब, चूक माझी एकट्याची नाही आणि तुमची एकट्याचीही नाही. जाळी मी माझ्या हातानं काढली. पण आपण सगळ्यांनी मिळून एक खोटी गोष्ट खरी मानली, की माणूस सावध असला की बोट वाचतं. एका पाळीत साडेचार हजार वेळा हात आत जातो. देवाचंही मन एवढ्या वेळा जागेवर राहणार नाही. आणि राहिलं तरी स्प्रिंगचं काय? हा पोरगा उद्या माझ्या जागी बसणार. त्याला मी माझी बोटं दाखवून शिकवलं. आता काय दाखवू?"

मालकांनी विचारलं, "करायचं काय, ते सांगा."

पुढच्याच आठवड्यात एक विक्रेता प्रकाशाचा पडदा घेऊन आला. प्रेससमोर किरणांची भिंत. हात आडवा आला की यंत्र थांबणार. मालकांना ते आवडलं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला : "रॅम निम्म्यात थांबेल का?" विक्रेत्यानं क्लच पाहिला आणि प्रामाणिकपणे मान हलवली. कीचा क्लच एकदा पकडला की पूर्ण फेरी झाल्याशिवाय सोडत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या नव्या प्रेसवर तो पडदा उपयोगी. इथं त्याच्या भरवशावर हात घालणं म्हणजे पहिल्यापेक्षा मोठा धोका. दोन हातांनी दोन बटणं दाबायची युक्तीही इथं अपुरी होती. रॅम दुसऱ्यांदा आपोआप खाली येणार असेल, तर त्या वेळी हात बटणांवर नसतातच.

उरला एकच मार्ग : हात आत जाण्याची गरजच संपवायची. अण्णा आणि फिटर कामाला लागले. नवी जाळी त्यांनी डायच्या भोवतीच बोल्टनं कायमची बसवली. पुढं एक फट ठेवली. पत्रा जाईल, बोट जाणार नाही एवढीच. ब्लँक आता बाहेरच्या खाचेत ठेवायचा आणि सरकपट्टीनं आत ढकलायचा. तयार नग हवेच्या झोतानं मागच्या घसरगुंडीवरून पेटीत पडायचा. पेडलवर लोखंडी टोप बसला, म्हणजे वरून काही पडलं तरी ते दबणार नाही. खटक्याला ओढीच्या स्प्रिंगऐवजी दाबाची स्प्रिंग आली, कारण दाबाची स्प्रिंग तुटली तरी दांड्यावर राहून काही काळ तरी काम करते. नग अडकला तर काय करायचं, तेही ठरलं : मोटर बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. फ्लायव्हील फिरायचं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं, कारण मोटर बंद केल्यावरही त्या चाकात एक घाव घालण्याएवढा जोर शिल्लक असतो. मग रॅमखाली लोखंडी ठोकळा, आणि त्यानंतरच जाळी उघडायची.

खंडेनवमीला सातही प्रेसना झेंडूच्या माळा चढल्या. अण्णांनी त्या वर्षी हळदकुंकू आधी जाळीला वाहिलं.

पहिल्या दिवशी तासाला 430 नग निघाले. कामगार कुरकुरले. मालकांनी इन्सेन्टिव्हचा हिशेब नव्या आकड्यावर बांधून दिला, म्हणून कुरकुर थांबली. सरकपट्टीवर हात बसला तसा आकडा 520 वर आला. पूर्वीचा 600 काही पुन्हा दिसला नाही. मालकांनी तो वहीतून खोडून टाकला.

खरी परीक्षा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आली. माल घेणाऱ्या मोठ्या कारखान्याचा फोनवर फोन. ट्रक गेटवर उभा, माल अपुरा. सुपरवायझर पाना घेऊन गणेशच्या प्रेसपाशी आला.

"आजच्या दिवस काढू जाळी. उद्या लावू परत."

अण्णा गेटवरून उठून आले आणि प्रेससमोर उभे राहिले. आवाज चढले. मालक बाहेर आले. त्यांनी ट्रककडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मग अण्णांच्या हाताकडं. सुपरवायझरच्या हातातून पाना घेऊन त्यांनी तो स्वतःच्या खिशात टाकला. "ट्रक थांबेल. दंड बसला तर मी भरीन."

त्याच संध्याकाळी गणेशला गावाकडून निरोप आला होता की वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पैशांची गरज आता आणखीच होती. तो काम करत राहिला, पण मन परभणीच्या वाटेवर होतं. एक नग डायमध्ये तिरका बसला. गणेशनं पेडल दाबलं, आणि त्याच क्षणी जुन्या सवयीनं त्याचा उजवा हात नग सरळ करायला झेपावला. बोटांची हाडं जाळीच्या सळ्यांवर आपटली. आत रॅम खाली आला, वर गेला.

गणेश हात पोटाशी धरून उभा राहिला. दोन बोटांचं कातडं सोललं होतं. एवढंच. शेजारच्या प्रेसवर कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. सात सेकंदांनी पुढचा नग निघायचा तो निघाला नाही, एवढीच काय ती नोंद.

तो गेटवर गेला, वडिलांचं सांगितलं आणि रडू लागला. "अण्णा, तुम्ही एवढं शिकवलं आन् आज माझं लक्ष नव्हतं."

अण्णांनी त्याच्या बोटांवरून आपली उरलेली बोटं फिरवली. "बाप आजारी असताना पोराचं लक्ष कसं असेल? लक्ष नव्हतं, पण जाळी होती. तिला एवढ्यासाठीच लावलीय. जा, रात्रीची गाडी पकड. साहेबांना मी सांगतो." आणि त्या दिवशीच्या वहीत त्यांनी डाव्या हातानं नोंद केली : कुणाला इजा नाही, जाळीमुळे हात वाचला. सुपरवायझर म्हणाला, काही घडलंच नाही तर लिहायचं कशाला? अण्णा म्हणाले, "घडलं नाही म्हणूनच. माझ्या प्रेसनं आधी कधी एखादी जादा फेरी मारली असेल, कुणी हसून सोडून दिली असेल. ती लिहिली असती तर झाकण तेव्हाच उघडलं असतं."

गावी वडील चार दिवसांत घरी आले. गणेश चुलत्याच्या गोठ्यात गेला, तर कडबाकुट्टी चालू होती. चुलती वैरणीची पेंढी हातानं रेटत होती. वैरण ओढून घेणारे दाताळ रूळ तिच्या बांगड्यांपासून वीतभर अंतरावर. गणेशनं मोटर बंद केली.

"काकू, असं नका करू."

"अरे, दहा वर्षं करतेय. लक्ष असतं माझं."

गणेशनं वाद घातला नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं तोंडाचा पन्हळ हाताच्या लांबीपेक्षा लांब करून आणला आणि रुळांकडच्या अर्ध्या भागावर पत्र्याचं झाकण बसवलं. आता कितीही रेटलं तरी हात रुळांपर्यंत पोहोचणार नव्हता. पाडव्याच्या दिवशी शेजारचे दोघे तसाच पन्हळ करून घ्यायला माप न्यायला आले.

तात्पर्य : सावध राहावं, पण बोटांची राखण एकट्या सावधपणावर सोपवू नये. माणसाचं मन दुःखानं, थकव्यानं, काळजीनं हलणारच. लोखंडातला तडा सांगून वाढत नाही. म्हणून काम असं बांधावं की मन हललं तरी हात वाचेल. ज्याच्या हाती ती बांधणी आहे, त्यानं ती करावी. ज्याच्या हाताला ती हवी आहे, त्यानं ती मागावी आणि घाईच्या दिवशीही काढू देऊ नये. आणि कुणाचं बोट गेलं, तर जखमी माणसाला "लक्ष कुठं होतं?" असं विचारण्याआधी यंत्राच्या धन्याला, सुपरवायझरला आणि स्वतःलाही विचारावं : जाळी कुठं होती?